बिनसमुद्राच्या जिल्ह्यातला मासा

तो मासा मी पकडला नव्हता. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आणि आईपुढे तर नाहीच, कारण आई त्या माशाला हळदकुंकू वाहायची. लिहून सांगतोय ते एवढ्याचसाठी, की तोंडाने सांगणं आमच्या रक्तात नाही. आमच्या घरात कुणी खरं बोलायला लागलं, की बाकीचे पाणी प्यायला उठतात.

मासा कोणता ते आधी सांगतो. उष्ण समुद्रातला, खोल पाण्यातला. माही-माही म्हणतात, कुणी डोराडो म्हणतं. पाठ निळी-हिरवी, पोट सोन्याचं, अंगभर निळे ठिपके, आणि नर असला तर कपाळ भिंतीसारखं उभं. शौकीन लोक त्याच्यासाठी लांबून येतात, कारण गळाला लागल्यावर हा पाण्याबाहेर उड्या मारतो, दोर ओढतो, धरणाऱ्याला घाम फोडतो, आणि हे सगळं झाल्यावर ताटातही गोड लागतो. करमणूक आणि जेवण, दोन्ही एकाच्याच जिवावर. आमच्याकडे एवढी वसुली फक्त मुलीच्या बापाकडून करतात.

हिंगोलीपासून समुद्र सगळ्याच बाजूंनी सारखा लांब वाटतो. शाळेत आम्ही तो नकाशात निळ्या खडूने रंगवला, तेवढीच त्याची आमची ओळख. नव्वदीच्या दशकात बी. कॉम. होऊन मी घरी बसलो होतो. वडील कळमनुरीत एका देवस्थानात नोकरीला. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी अंदमानात पर्यटकांना मासेमारीला नेणाऱ्या एका छोट्या धंद्यात मला चिकटवलं. काम कोठीचं. तरंगायची जाकिटं मोजायची, शीतपेयांच्या बाटल्या मोजायच्या, गळ मोजायचे. बोटीवर जायचं काम माझं नव्हतं, आणि जी काही दोन वर्षं मी तिथे काढली त्यात मी बोटीवर एकदाच गेलो. खलाशाचा जोडीदार तापाने पडला होता म्हणून मला नेलं. धक्का सुटायच्या आधीच मला उलटी झाली.

त्या दिवशीचे पर्यटक म्हणजे विदर्भाकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांचे यजमान. बाईंनी पदर खोचून साडीवरच जाकीट चढवलं होतं. गळ यजमानांच्या हौसेचा होता, पण ऊन लागल्यावर ते सावलीत बसले आणि दांडी बाईंच्या हातात आली. दूर पाण्यावर एक ओंडका तरंगताना दिसला, तशी खलाशाने बोट हळू केली. हा मासा तरंगणाऱ्या वस्तूखाली सावलीला गोळा होतो, असं तो म्हणाला. कधी कधी ते लोक मुद्दाम नारळाच्या झावळ्या पाण्यावर सोडतात. हे मी ऐकलं, डोकं खाली घालून, पोटातलं वर येऊ नये म्हणून. समुद्राबद्दल मला ठाऊक असलेली ही एकमेव गोष्ट. पुढे तिच्यावरच माझी कारकीर्द उभी राहिली.

बाईंच्या गळाला मासा लागला. यजमान सावलीतून सूचना देऊ लागले, सैल सोड, आता ओढ, मनगटावर जोर नको. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसता, का पुढच्या खेपेला तुम्हालाच आमिष लावू?" खलाशाला मराठी येत नव्हतं, तरी तो हसला. मासा बोटीत आला तेव्हा त्याच्या अंगावर रंग पळत होते. दुसरा शब्द मला सापडत नाही. सोनेरी, मग हिरवा, मग एकदम निळा, जणू आतून कुणी दिवे लावतंय आणि विझवतंय. तेवढा वेळ मी उलटी करायची विसरलो. मग रंग थांबत गेले आणि मासा राखेसारखा झाला.

फोटोची वेळ आली तेव्हा बाई मला म्हणाल्या, "तू धर रे बाळा, माझ्या साडीला रक्त लागेल." मी धरला, बाई शेजारी उभ्या राहिल्या. यजमानांनी फोटो काढला आणि आठवणीने एक प्रत मला पाठवलीही. संध्याकाळी नारळाच्या रसात तो मासा शिजला आणि मी तो खाल्ला. पांढरा, घट्ट, किंचित गोड. घरी मी कायम वरण-भातावर दिवस काढतोय असं सांगितलं होतं. हेही आत्ताच सांगतोय.

मग तो धंदा बंद पडला आणि मी परत आलो. त्याच सुमारास परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवं लग्न झालेलं घर. सगळंच स्वतःचं लागतं. स्वतःचा कलेक्टर, स्वतःच्या पाट्या, स्वतःचे भांडखोर. तज्ज्ञ तेवढे परभणीतच राहून गेले होते. जो जे म्हणेल तो ते होऊन बसत होता, आणि कुणी तपासायला जात नव्हतं, कारण तपासायचं खातं अजून परभणीलाच होतं.

गावात मला विचारायचे, तिकडे काय करायचास. बाटल्या मोजायचो, असं सांगायला मी एकदोनदा तोंड उघडलं. मग कात्री घेतली आणि फोटोतून बाईंना कापून काढलं. मासा लांब होता, त्यामुळे सगळी बाई निघेना. तिचा कोपरापासूनचा एक हात राहिला, हिरव्या बांगड्यांसकट. कुणी विचारलं तर मी सांगायचो, तो खलाशी आहे, तिकडचे खलाशी तसलं कडं घालतात. एकानेही शंका घेतली नाही. समुद्राकडच्या माणसाबद्दल आमच्याकडे काहीही खपतं.

फोटो मोठा करून घ्यायला कळमनुरीच्या स्टुडिओत दिला. तिथल्या माणसाने मासा बघितला आणि म्हणाला, हे तर मढं दिसून राहिलं. रंग कोणता होता खरा? मी सांगितला. त्याने मन लावून काम केलं. पोटाला हळदीचा पिवळा, पाठीला पोपटाचा हिरवा, आणि माझ्या पांढऱ्याफटक तोंडाला, जे उलट्यांनी तसं झालं होतं, थोडा गुलाबी. लोक ते तोंड बघून म्हणायचे, झुंजीने दमलेलं दिसतंय.

आमचं घर शाकाहारी. वडिलांच्या नोकरीमुळे तर फारच. पण एवढा मोठा पोरगा आणि एवढा मोठा मासा, लपवायचा कुठे? आईने तोड काढली. तिने फ्रेम देवघराशेजारी टांगली आणि येणाऱ्या बायकांना सांगितलं की हा मत्स्यावतार आहे. वडील पाणी प्यायला उठले. पुढे माझं लग्न ठरताना सासरे त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मुलगा धाडसी आहे म्हणाले. मुलगा एका शिक्षणसंस्थेत कारकून लागला होता, त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी न्यावं असंच होतं. खोट्याने कुणाचं काही गेलं नव्हतं. मग तलाव आला.

आमच्या तालुक्यात एक तलाव आहे, नाव सांगत नाही. त्याच्यावर मासेमारांची एक सोसायटी होती. सोसायटीचे सभासद पाण्यात उतरायचे आणि चेअरमन काठावर. चेअरमनला पोहता येत नव्हतं आणि मासा आवडत नव्हता, पण निवडून यायला या दोन्हींची गरज पडत नाही. त्या वर्षांत मासा कमी लागत होता. रोहू, कटला यांचं बीज सोडायचे, पण हाती फारसं काही यायचं नाही. कुणीतरी चेअरमनच्या कानावर घातलं की कळमनुरीत एक समुद्रतज्ज्ञ राहतो, त्याच्या घरी पुरावा टांगलेला आहे. चेअरमन स्वतः आला, फोटो बघितला, चहा घेतला, आणि मला जीपमध्ये घालून तलावावर घेऊन गेला.

मला नाही म्हणता आलं असतं. मी चपला शोधत होतो.

काठावर बाभळीखाली सभासद बसले होते. त्यांच्यात एक वयस्क माणूस होता, त्याला सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. काळा, लहानखुरा, पाण्याने बोटं कायमची सुरकुतलेली. जाळं स्वतःच्या हाताने भरायचा, म्हणजे विणायचा. त्या वर्षी नवं भरलं होतं, आणि ते किती नवं आहे हे तो भेटेल त्याला सांगायचा, जसं दुसरे नातवाबद्दल सांगतात. तलावावर प्रत्येकाला पाण्याची पाळी ठरवून दिलेली असायची, आणि ती पाळी म्हणजेच मामाचं सगळं होतं. शेत नव्हतं, दुसरा धंदा नव्हता.

मामाने मला समुद्राबद्दल जे विचारलं ते दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे मासा किती लांब, किती जड. मामाने विचारलं की मेल्यावर त्याचा रंग राहतो का. मी खरं सांगितलं, जातो, राखेसारखा होतो. "म्हंजे शेवटाला आपल्या रोहूवानीच," मामा म्हणाला, आणि त्याला समाधान वाटल्यासारखं दिसलं. त्या क्षणापासून तो माझ्या बाजूचा झाला. खरं बोलल्याबद्दल मला मिळालेलं हे एकमेव बक्षीस, आणि त्याचं मी पुढे काय केलं ते आता सांगतो.

चेअरमनने मला बोलायला उभं केलं. मी मला ठाऊक असलेली एकमेव गोष्ट सांगितली. मासा सावलीला येतो. समुद्रात झावळ्या सोडतात. आपल्याकडे झावळ्या कुठून आणणार, पण पऱ्हाट्या आहेत. कापूस वेचून झाला की शेताशेतात उभ्या असतात, जळणापलीकडे त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्या मोळ्या बांधा, जडपणाला खाली दगड लावा आणि पाण्यात सोडा. बोलता बोलता मला हे सगळं इतकं पटलं की मी हातवारे करू लागलो. चेअरमन मान डोलवत होता. समुद्राची विद्या आणि वर्‍हाड-मराठवाड्याची पऱ्हाटी, असं काहीतरी तो म्हणालाही. तो भाषणाची तयारी करत होता.

सभासदांपैकी बऱ्याच जणांना हे रुचलं नाही. एकजण हळूच म्हणाला, "पाण्यात काटक्या टाकायच्या म्हंजे आपल्याच अंगणात काटे टाकायचे." बाकीचे हसले. मामा मात्र उठला. हसणाऱ्यांकडे त्याने पाहिलं नाही. मला म्हणाला, "सायेब, येक इचारतो. तिथं मंग मासा काढतेत कशानं? गळानं का जाळ्यानं?"

हा प्रश्न बरोबर होता. सगळ्या सभेत तेवढाच प्रश्न बरोबर होता. तिथे गळ टाकतात. एक माणूस, एक दांडी, एक मासा, आणि त्यासाठी अख्खी सकाळ, कारण त्यांना मासा नको असतो, झुंज हवी असते. काठावर बसलेल्या या माणसांना झुंज नको होती, त्यांना मासा हवा होता. मी 'गळ' म्हणालो असतो तर सभा तिथेच उठली असती, चेअरमनने मला परत जीपमध्ये घातलं असतं, आणि फार तर दोन-चार दिवस बाजारात माझी चेष्टा झाली असती.

"जाळ्यानंच," मी म्हणालो.

मामा बाकीच्यांकडे वळला. "झालं? आयकलं का?" तो म्हणाला. "मानूस तिथं राहून आलंय. आपन हितं बाभळीखाली बसून काहून शानपना करून राहिलो?"

मोळ्या बांधायला इतर कुणी हात लावला नाही. मामानेच बांधल्या, मी सांगितल्या तशा. दगड किती लावायचे, हे त्याने मला विचारलं. मी जरा विचार केल्यासारखं करून सांगितलं, आणि त्याने मोजून तेवढेच लावले. पहिल्यांदा मोळ्या झकास तरंगल्या. चेअरमनने फोटोग्राफर बोलावला. फोटोत चेअरमन, मी आणि मोळी. मामा पाण्यात होता म्हणून आला नाही.

पुढे पऱ्हाट्यांनी पाणी प्यालं आणि मोळ्या तळाला गेल्या. आता जे झालं ते ऐका, कारण मला त्याचं अजून नवल वाटतं. मासे खरोखरच जमले. सांगितलं होतं तसेच, सावलीला, निवांत. तळाशी त्या काटक्यांत रोहू असे राहायला लागले जसे सरकारी विश्रामगृहात साहेब राहतात. त्यांना तिथून बाहेर काढायचा कुणाला मार्ग नव्हता. जाळं टाकलं की पऱ्हाटीत गुंतायचं, ओढलं की फाटायचं. जाळं आधी कुणी टाकलं हे सांगायची गरज नाही. ज्याचा विश्वास जास्त, त्याचंच आधी पाण्यात जातं. मामाचं नवं जाळं काठावर आलं तेव्हा त्याला जाळं म्हणता येत नव्हतं. तो भिजलेल्या चिंध्या घडी करत बसला, पुन्हा वापरायच्या असल्यासारख्या.

मग बाकीच्यांचीही जाळी फाटू लागली आणि आवाज चढले. चेअरमनला उत्तर देणं भाग पडलं. त्याने पुन्हा सभा घेतली, त्याच बाभळीखाली, आणि तज्ज्ञ म्हणून पुन्हा मलाच आणलं. या खेपेला त्याने वाटेत जीपमध्येच मला समजावलं होतं. योजना चुकली असं म्हणायचं नाही, कारण योजनेत तो होता. अंमलबजावणीत कुठे काय राहिलं तेवढं सांगायचं. अंमलबजावणीत मामा होता.

मला मोठ्याने खोटं बोलावं लागलं नाही, आणि हे माझ्या बाबतीत नेहमीचंच. चेअरमनने विचारलं, मोळ्या बुडाल्या काहून? मी जमिनीकडे बघत म्हणालो की दगड जास्त झाले असावेत. एवढंच. 'असावेत' म्हणालो. हा शब्द मी घरातून शिकून आलो होतो.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो सांगणार, दगड तुमीच सांगितले होते सायेब. त्याने तसं म्हटलं असतं तर मी हो म्हणालो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला पटवत राहिलो. तो म्हणाला, "आसंल. माझ्याच हातानं जास्ती लागले आसतील. सायबाची चूक न्हाई."

सोसायटीने मामाची पाण्याची पाळी त्या हंगामापुरती काढून घेतली. हंगामापुरती म्हणजे कायमची, हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण काढलेली पाळी दुसऱ्याला गेली की परत येत नसते. चेअरमनने माझे आभार मानले. परतताना जीपमध्ये त्याने मला जिल्ह्याच्या आणखी एका समितीवर घेण्याची गोष्ट काढली. मी नको म्हणालो. तेवढंच एक मी नाकारलं, आणि त्याचाही मला बरेच दिवस अभिमान वाटत होता.

नंतर तलावावर मी गेलो नाही. मामा कुठे असतो, हेही विचारलं नाही. आमच्यासारख्यांची दिलगिरी अशी असते. ज्याचं नुकसान केलं, त्याचा रस्ता टाळायचा.

रस्ता टळला नाही. काही वर्षांनी नांदेडला जाताना वारंगा फाट्यावर बस थांबली आणि मी पाय मोकळे करायला उतरलो. फाट्यावर टपऱ्यांच्या ओळीत मासळीचं एक नवं दुकान होतं. तोवर आमच्याकडे आंध्रातून बर्फात घातलेला मासा पांढऱ्या खोक्यांतून येऊ लागला होता. त्या खोक्यामागे मामा बसला होता. तो मासा त्याने पकडलेला नव्हता. कुणीतरी लांब पकडायचा, ट्रक आणून टाकायचा, आणि मामा पाटावर बसून खवले काढून द्यायचा. पाण्याच्या काठाला त्याचा पाय लागला नव्हता बरेच दिवस, असं तोच नंतर म्हणाला, तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

मी वळणार होतो. त्याने हाक मारली. उठून उभा राहिला, हात पाण्यात बुडवून धुतले, आणि दुकानापुढच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "हे वळखलं का? ह्ये सायेब समुद्रातून सोन्याचा मासा काढून आलेत. येकट्यानं. आपल्या जिल्ह्यात दुसरा मानूस न्हाई."

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एकाने विचारलं, किती मोठा होता हो? मामाने माझ्याऐवजी दोन्ही हात फाकून दाखवला. मग त्याने मला बाजूला घेऊन बसवलं, चहा मागवला, आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "सायेब, येक सांगा. दगड खरंच जास्ती झाले होते का हो? मी तर मोजून लावले होते. रातच्याला डोळा लागत न्हाई कधी कधी. मी म्हनतो, आपल्या हातानं सगळ्यांची जाळी गेली."

कंडक्टरने घंटी दिली. मी म्हणालो, "आता कशाला ते मामा," आणि बसमध्ये जाऊन बसलो.

मागाहून मला कळलं की तलावावरचे काही जण अजूनही फाटक्या जाळ्यांसाठी त्याला बोल लावतात, आणि तो ऐकून घेतो. तळातल्या त्या पऱ्हाट्या कुजून गेल्या असतील, पण मामाच्या डोक्यात त्या तशाच आहेत. आणि त्या तिथे मी घातल्या.

मामा अजून आहे, फाट्यावरच असतो. कळमनुरीहून बस मिळते. वाटेत काही अडचण नाही. त्याला आणि तलावावरच्या सगळ्यांना एकत्र बसवून मी एवढं सांगण्याचं देणं लागतो: दगड मामाने बरोबर लावले होते, मोळ्या त्याने मी सांगितल्या तशाच बांधल्या होत्या, समुद्रात तो मासा गळाने धरतात, जाळ्याने नाही, आणि हे मला त्या दिवशी ठाऊक होतं.